वर्षाला एक माशी

आमचे हे मधमाश्या पाळतात. चाळीस पेट्या आहेत, आणि यांच्या हाताखाली शिकून तयार झालेले अकरा जण आहेत. ते यांना मास्तर म्हणतात. नुसतं मास्तर म्हटलं की यांची मान ताठ होते, म्हणून मीसुद्धा कधीकधी म्हणते, पण ते टोमणा मारायचा असला की.

मास्तरांचा एक नेम होता. हंगाम सुरू झाला की पहिल्या रविवारी घरातल्या प्रत्येकाला एक माशी चावून घ्यावी लागे. हे चिमटीत माशी अलगद धरायचे आणि आमच्या मनगटावर टेकवायचे. "मला दिवसाला दहा चावतात, काही होतं का? अंगात मुरलं पाहिजे," असं यांचं म्हणणं. याला ते घरची लस म्हणत. मी सव्वीस वर्षं तोंड वाकडं करून ही लस घेतली. मुलानेही घेतली. दोन वर्षांपूर्वी सून आली, तिनेही निमूट हात पुढे केला. शिकून गेलेल्या अकरा जणांनी हाच नेम आपापल्या घरी नेला.

गेल्या मंगळवारी मी यांचे कामाचे कपडे धुवायला घेतले. बाहीच्या घडीत एक माशी अडकली होती, ती बोटाला चावली. मी नखाने नांगी काढून टाकली, मास्तरांना बसल्या जागेवरून चार शब्द ऐकवले आणि पुन्हा कपडे घासायला लागले. पाचेक मिनिटांत तळहात खाजायला लागले, मग तळपाय. पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. ओठ जड झाले, घसा आतून आवळत चालला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मनात एकच आलं, की आपण आता मरणार. भीती नव्हती, खात्रीच होती. हाक मारायला गेले तर आवाज फुटेना. लाथेने बादली पाडली, तेव्हा हे धावत आले. शेजाऱ्यांच्या गाडीतून मला इस्पितळात नेलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई माझ्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. हे खाली औषधं आणायला गेले होते.

"याआधी कितीदा चावली आहे?"

"वर्षाला एक."

"मोजून?"

"मोजून. आमच्याकडे शिस्त आहे."

त्या हसल्या नाहीत. मी सगळा नेम सांगितला. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला.

"ज्यांना रोज चावतात, त्यांच्या शरीराला बहुतेक वेळा सवय होते," त्या म्हणाल्या. "पण मधूनच एखादी, आणि मग वर्षभर काही नाही, हे जास्त वाईट. वरून काही दिसत नाही, पण शरीर त्या विषाला शत्रू ठरवून तयारीत बसतं. मग एखाद्या वर्षी एकदम उठतं, आणि शत्रूला मारायच्या नादात माणसाच्याच जिवावर येतं. सगळ्यांचं असं होत नाही. कुणाचं होईल, हे मात्र आधी सांगता येत नाही. घरात अजून कोण चावून घेतं?"

"मुलगा आणि सून. गेल्या वर्षी तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता. हे म्हणाले, लस लागू पडली."

"तिला तपासायला घेऊन या. आणि यापुढे एकही नको."

त्या गेल्या आणि मी छताकडे बघत पडले. हा माणूस काल संध्याकाळपासून माझा पाय धरून बसला होता. त्याला काय सांगू? की तुमच्या मायेनेच मला इथवर आणलं? मी ठरवलं, कारण सांगायचंच नाही. माशी चावली, सोसली नाही, संपलं.

हे पिशवी घेऊन आले. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "तुझ्या बाबतीत मीच कमी पडलो. वर्षाला एक पुरली नाही. सूनबाईला या रविवारी दोन देतो, म्हणजे तिला असलं काही व्हायचं नाही."

मग मला गप्प बसता आलं नाही. "अहो, खाली बसा," म्हटलं, आणि डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. काही गाळलं नाही. सांगताना मला या माणसाची फार दया आली, आणि रागही आला. सव्वीस वर्षं मी हात पुढे केला होता, एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं, त्याचा राग.

यांनी माशी धरायची ती बोटं सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "फोन दे."

पहिला फोन सुनेला केला. "रविवारी कुणालाच काही नाही. मला चुकीचं माहीत होतं. आजच इथे ये, तुला तपासायचं आहे." तिने काही विचारलं असावं. हे म्हणाले, "माझी चूक झाली, बाळा." यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग अकरा जण. मी नंबर वाचायची, हे लावायचे. प्रत्येकाला तेच सांगत होते, घरच्यांना माशी चावून घ्यायला लावू नका, मी चुकीचं शिकवलं. एक जण हुज्जत घालायला लागला, "मास्तर, तुम्हीच तर सांगितलं होतंत." हे म्हणाले, "म्हणूनच मी सांगतोय."

सातव्याला सांगून झालं आणि पलीकडून तो त्याच्या आईबद्दल बोलायला लागला. त्याची आई दोन वर्षांपूर्वी अंगणात कोसळून गेली होती. सगळे हृदयविकार म्हणाले होते, आम्ही दोघं भेटायलाही गेलो होतो.

"त्या दिवशी चावली होती?" यांनी विचारलं. "किती वेळ आधी?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. यांचा चेहरा दिसला. मी फोन घ्यायला हात पुढे केला, पुरे झालं म्हटलं, बाकीच्यांना मी सांगते.

यांनी फोन सोडला नाही. बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "चार घरं राहिलीत. पुढचा नंबर वाच."