वर गेल्यावर भेटायची माणसं

पंच्याऐंशी उलटली आणि फुल्बेर मालव्होला दुपारच्या झोपेत मेलेली माणसं दिसायला लागली. फ्रेंच बेटावरच्या त्यांच्या तेव्हलाव या डोंगरी गावात दुपारचं धुकं समुद्राकडून वर चढतं. आधी उसाचे मळे दिसेनासे होतात, मग चर्च, मग फुल्बेरची जिरेनियमचं तेल काढायची भट्टी. त्या धुक्याबरोबरच ती माणसं यायची. आई यायची, धाकटा भाऊ यायचा आणि त्यांच्या पाठीमागे अनोळखी चेहऱ्यांची एक रांग उभी असायची.

"कोण आहेत तेच कळत नाही गं," तो मुलीला म्हणाला. "नुसते बघत राहतात. उद्या मी वर गेलो की त्यांना काय म्हणून हाक मारू? तू राजधानीत, सें-दनीला जा. दफ्तरखान्यात सगळ्यांची नावं असतात म्हणे. पार पहिल्यापर्यंत जा. पहिला मालव्हो राजाचा अधिकारी होता. थेट फ्रान्सहून आला होता, कमरेला तलवार लावून."

"तलवार कुठंय मग?"

"भावकीनं लाटली असेल. तू जा तर!"

सोलांज साठीला टेकलेली. इस्पितळाच्या धोबीखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली, बिनलग्नाची. बापाचं जेवणखाण, औषधं सगळं तीच बघायची. बोलायची मात्र मोजकंच. दर शुक्रवारी ती पहाटेची बस धरून खाली उतरू लागली. सें-पॉलला बस बदलायची, पुढे सें-दनी.

दफ्तरखान्यात पंख्याखाली जुन्या चोपड्या उलगडताना तिला पहिले काही आठवडे अक्षरच लागेना. मग नजर बसली. फुल्बेरचा बाप एली, एलीचा अरिस्तिद. अरिस्तिद मधाची पोळी काढताना कड्यावरून पडला होता. त्याच्या बापाने सही अशी झोकात केली होती की शेपूट पानाबाहेर गेलं होतं. आजोबाने नुसती फुली मारली होती. त्याच्याही आधीचा एक मालव्हो खाली किनाऱ्यावर कॉफीचा मळा राखून होता. त्याच्या मालमत्तेच्या यादीत चार गाई, एक तांब्याचं घंगाळ आणि सात माणसं एकाखाली एक लिहिलेली होती. त्या सातांची नावं सोलांजने आपल्या वहीत उतरून घेतली. कशासाठी, तिलाही सांगता आलं नसतं.

परतीच्या बसमध्ये तिचा डोळा लागायचा. तेव्हा ही सगळी माणसं शेजारच्या बाकांवर येऊन बसल्यासारखी वाटायची. मधाचा वास यायचा. कुणी काही बोलायचं नाही. उसाचे तुरे खिडकीला घासत जायचे आणि वळणावळणाला माणसं वाढत जायची.

अकराव्या शुक्रवारी पहिला मालव्हो सापडला. गियोम. अधिकारी नव्हता, जहाजावरचा सुतार होता. तापाने फणफणला म्हणून जहाजाने त्याला किनाऱ्यावर उतरवलं आणि पुढची वाट धरली. त्याच्या नावाखाली पाद्र्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पत्नी दोमिंगा, पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातली, दमणची, वय अदमासे पंधरा.'

सोलांजने ती ओळ तीनदा वाचली. मग चोपडी मिटली आणि पंख्याकडे बघत बसून राहिली.

पस्तीस वर्षांपूर्वी तिला मार्सेल आर्मुगोमशी लग्न करायचं होतं. मार्सेल मलबार होता, म्हणजे उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांचा पणतू. तो मागणी घालायला आला तेव्हा फुल्बेरने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. "मालव्होंच्या रक्तात असलं काही मिसळत नाही," तो दारातूनच म्हणाला होता. सोलांज त्या दिवशी बापाचा शब्द मोडू शकली नाही आणि नंतर तिने दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही.

परतताना सें-पॉलला बस बदलायची होती. त्याच बाजारात मार्सेल भाजी विकायचा. आता केस पांढरे, तीन नातवंडं. वर्षानुवर्षं ती त्याच्या ठेल्यापासून लांबून जायची. आज सरळ समोर जाऊन उभी राहिली आणि वही उघडून ती ओळ त्याला दाखवली.

मार्सेलने चष्मा लावला, वाचलं आणि मग इतक्या जोरात हसला की शेजारची मासेवाली वळून बघू लागली.

"म्हणजे तुमचे लोक आमच्या दीडशे वर्षं आधी आले की! तेव्हा खरं तर मीच तुला नको म्हणायला हवं होतं."

"हसतोस काय, गाढवा!" म्हणताना सोलांजच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग काय करू, रडू? बस तुझी जाईल, सोलांज. आणि म्हाताऱ्याला जपून सांग. एकदम सांगितलंस तर खुर्चीतून पडेल."

तिने एकदमच सांगितलं. भात, मसूर आणि टोमॅटो-मिरचीचं झणझणीत रुगाय वाढता वाढता, बापाच्या ताटाकडे बघत. सुतार सांगितला, ताप सांगितला, दमण सांगितलं.

फुल्बेरचा घास हातातच राहिला. त्याने विचारलं, "पंधरा?"

"अदमासे."

"एवढ्याशा पोरीला जहाजावर चढवलं कुणी?"

"ते लिहिलेलं नाही."

"दिसायला कशी होती?"

"तेही नाही, पपा."

तो उठून भट्टीपाशी जाऊन बसला. पुढचे चार दिवस त्याने धड खाल्लं नाही. पाचव्या दिवशी दुपारी झोपेतून उठून म्हणाला, "ती आली होती. रांगेत सगळ्यांत शेवटी उभी होती, अनवाणी, केस ओले. मी बस म्हणालो तर बसली नाही. हसलीसुद्धा नाही. माझ्या घरात यायला बिचकत होती गं."

सोलांज कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"तुझं मी वाटोळं केलं," फुल्बेर म्हणाला.

"हो," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "केलंत."

त्याने खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाला, "मला खाली ने. बाजारात."

सहा वर्षांत तो गाव सोडून उतरला नव्हता. शनिवारी इस्त्रीचा कोट आणि हॅट घालून तो बसमध्ये बसला आणि प्रत्येक वळणाला पुढच्या बाकाची दांडी धरत राहिला. बाजारात मार्सेलने त्याला लांबून पाहिलं, उपडा खोका पुसून पुढे सरकवला. फुल्बेर बसला. हॅट काढून मांडीवर घेतली. मार्सेलने अननस सोलला, फोडींना मीठ-मिरची लावली आणि एक फोड त्याच्या हातात दिली.

"आमची पहिली आजी दमणची होती," फुल्बेर अखेर म्हणाला.

"ऐकलं मी," मार्सेल म्हणाला. "मला दारातून परत पाठवलंत तेव्हाही ती दमणचीच होती, काका."

फुल्बेरने मान खाली घातली. अननसाचा रस त्याच्या बोटांवरून इस्त्रीच्या कोटावर ओघळत होता आणि तो पुसायचं भान त्याला नव्हतं. मार्सेलच्या बायकोने, थेरेजने, पुढे होऊन फडक्याने त्याचा हात पुसला. लहान पोराचा पुसावा तसा, बोट न् बोट.

सोलांज थोडी मागे उभी होती. राग गेला नव्हता. तो जाईल असंही तिला वाटत नव्हतं. पण बाप त्या खोक्यावर अगदी हलका होऊन बसला होता, आणि बाजाराच्या गलक्यापलीकडे समुद्र होता, काळी वाळू होती. तिथेच कुठेतरी नावेतून एक मुलगी उतरली असेल. पाय आधी पाण्यात, मग वाळूवर. सोलांजला तिचा चेहरा काही केल्या दिसेना, फक्त ओले पाय दिसत होते.

"सोलांज," थेरेज म्हणाली, "अशी उन्हात का उभी? ये, सावलीत ये."

ती ठेल्याच्या आत गेली.