दोन्हीकडून सारीगुश

नुर्यागदीच्या बायकोने नवऱ्याच्या हिवाळी कोटाच्या दोन्ही बाह्या कात्रीने कापून घेतल्या. कोट चांगला होता.

चारी आगाने ट्रक धुऊन घेतला, मागे जाड गवत अंथरलं आणि घोडीच्या कपाळावर रंगीत गोंडे बांधले.

हालनजारची आई मागावर बसली होती. सकाळपासून विणलेल्यातलं बरंचसं तिने उसवलं.

जेरेन फोनवर म्हणाली, "येतेय मी. चहा ठेवू नकोस."

चहा ठेवू नकोस असं त्या गावात कुणी कुणाला सांगत नाही. शाळेची बस लावून घरी आलेला हालनजार पायरीवरच बसून राहिला. जेरेन त्याच्या मामाची मुलगी, तालुक्याला गुरांची डॉक्टर. गावातल्या नुर्यागदीकडे शिंगरू जन्मलं त्याच आठवड्यात ती आली होती. हालनजारच्या दुमान घोड्याच्या आयाळीतले आणि नुर्यागदीच्या बिलबिलच्या आयाळीतले थोडे केस तिने मुळासकट उपटून परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवले होते. दुमान शिंगराचा बाप, बिलबिल आई. शिंगराचे केस पाठवता आले नव्हते, कारण त्याच्या अंगावर एकही केस नव्हता.

जेरेन आली, बूट काढले आणि उभ्याउभ्याच सांगायला लागली. कातडी धरून राहावी, केस उगवावेत म्हणून शरीर एक प्रथिन बनवतं. ते कसं बनवायचं याचा नमुना प्रत्येक जनावराच्या आत असतो. त्यालाच जनुक म्हणायचं. प्रत्येक नमुना दोनदा असतो, एक बापाकडून आलेला, एक आईकडून. दुमानकडे या नमुन्याची एक प्रत चांगली आहे, एक बाद. बिलबिलकडेही तसंच. एका चांगल्या प्रतीवर सगळं भागतं, म्हणून दोघं चकाचक. शिंगराच्या वाट्याला मात्र दोघांकडूनही बाद तीच आली.

"म्हणजे दुमान आजारी नाही," हालनजार म्हणाला.

"ठणठणीत आहे, दादा. तोच तर घोळ आहे."

मागावरून आई म्हणाली की ती आणि तिची बहीण एकाच मागावर बसायच्या. एकीने फूल चुकवलं तर दुसरी सावरून घ्यायची, गालिच्यात काही दिसायचं नाही.

"आणि आत्या, दोघीही ते फूल एकाच बाईकडून चुकीचं शिकल्या असतील तर?"

आईने खालची गाठ घट्ट केली.

*

दुमानचा बाप गारलावाच. गारलावाचचा बाप सारीगुश.
बिलबिलची आई आयना. आयनाचा बाप सारीगुश.
चारी आगाच्या घोडीचा आजा सारीगुश, आईकडून. आजा सारीगुश, बापाकडूनही.

पोरं इथे शाळेत जायच्या आधी हे शिकतात. सारीगुश हालनजारच्या वडिलांचा घोडा. उन्हात उभा केला तर पिवळ्याधमक पितळेसारखा दिसायचा. एकदा त्याचं नाव आलं तर घोडी चांगली, दोन्हीकडून आलं तर लग्नाच्या बैठकीत तिच्या मालकाला वरची जागा. हालनजार आयुष्यभर बस चालवत आला. त्याला कुणी वर बसवावं असं त्याच्याकडे एकच काही होतं, आणि ते पागेत उभं राहून लसूणघास चघळत होतं.

*

नुर्यागदीच्या अंगणात शिंगरू लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलेलं होतं. पुढच्या दोन्ही पायांत कोटाच्या बाह्या. मान तेवढी उघडी होती. तिच्यावरची कातडी सरड्यासारखी खरबरीत, वाकते तिथे चिरलेली. नुर्यागदीची बायको वाटीतलं तूप बोटाने त्या चिरांत भरत होती. शिंगरू तिचा पदर हुंगत होतं. भूक त्याला उत्तम लागायची.

नुर्यागदी गावचा पंप सांभाळतो. त्याच्या तोंडाला कुलूप नाही. हालनजार दिसताच तो म्हणाला, "ये. तुझ्या दुमानचं पोर बघ. बापाने अंगावर घालायलासुद्धा काही दिलं नाही त्याला."

हालनजार हसला नाही. जेरेनने सांगितलेलं त्याने जमेल तसं सांगितलं. नुर्यागदी आधी दुमानला लावून बोलत होता, तो आता बिलबिलवर बोट आलं म्हणून भडकला. मग निवला. बायको शेजारणीच्या नजरेबद्दल काहीतरी पुटपुटत होती, तिला त्याने हाताने गप्प केलं.

"म्हणजे निम्मा दोष तुझा, निम्मा माझा."

"दोष आपला नाही रे. दोघांकडे एकाच ठिकाणाहून आलंय."

नुर्यागदीने मनातल्या मनात दोन्ही वंशावळी म्हणून पाहिल्या. त्याचे ओठ हलत होते. एका नावाशी ते थांबले.

"हे बाहेर बोलू नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "शिंगरू माझं, मी गप्प बसेन. तूही बस. चारी येतोय ना आज घोडी घेऊन? घोडा लंगडतोय म्हण."

*

घोडा लंगडतोय, असं म्हणता आलं असतं.
घोडा दमलाय.
आईला बरं नाही.
तुमच्या घोडीला शोभेल असा माझा घोडा नाही. हे तर चारी आगाला आवडलंच असतं.

यातलं काहीही म्हटलं असतं तरी ट्रक परत गेला असता, आणि पुढच्या माजाला पुन्हा आला असता.

*

चारी आगा गावातला मोठा माणूस. रस्त्यांची कंत्राटं घेतो. ट्रकमधून उतरल्यावर त्याने आधी आईची विचारपूस केली, मिठाईचं ताट आणि रेशमी कापड ओट्यावर ठेवलं, मग घोडी उतरवली. घोडी माजावर होती. पागेतून दुमान तिला हाका मारत होता आणि दाराला छातीने धडका देत होता.

हालनजारने दाराची कडी काढली नाही. घोडी फळवण्याआधी तिचे चार केस तपासू या, असं त्याने विनवलं. तिच्याकडे दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या तर दुमान तिचाच, मग काही भीती नाही. तिच्याकडेही एक बाद निघाली, तर प्रत्येक वेळी चारात एक शिंगरू उघडं जन्मू शकतं. नुर्यागदीच्या अंगणात एक आहे, जाऊन बघा. निकाल यायला उन्हाळा उजाडेल, तोवर माजाचा हंगाम सरेल, एवढं एक वर्ष जाईल.

चारी आगाने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या घोडीला दोन्हीकडून सारीगुश आहे," तो म्हणाला. "तिचे केस उपटून कुणाला दाखवायचे?"

"म्हणूनच म्हणतो, आगा. दोन्हीकडून आहे म्हणूनच."

"म्हणजे सारीगुशमध्ये खोट होती?"

हालनजारने एकदा ओट्याकडे पाहिलं. आई दारात येऊन उभी होती.

"होती," तो म्हणाला.

"बापाच्या घोड्याला नाव ठेवतोस तू. बाप असता तर तोंड वर करून बोलला असतास?"

"बाप असता तर त्यालाही हेच सांगितलं असतं. ऐकलं नसतं त्याने. पण सांगितलं असतं."

चारी आगाने घोडी पुन्हा चढवली. मिठाई तशीच राहू दिली. दिलेलं परत नेणं त्याला शोभलं नसतं. ट्रक वळेपर्यंत दुमान दाराशी झुंजत होता. तो थकून गप्प झाला तेव्हा हालनजारने आत जाऊन त्याच्या अंगावरचा घाम पुसला आणि खरारा केला.

*

आठवडाभरात सगळ्या गावाला कळलं. काहींनी जेरेनला फोन केले, आडून आडून, भावाची घोडी आहे असं सांगून. चारी आगाने आपली घोडी पलीकडच्या गावातल्या एका घोड्याकडे नेली. त्या घोड्याच्या वंशात सारीगुश एकदाच आहे, असं तो अभिमानाने सांगतो. दुमानकडे त्या वसंतात दुसरी कुठलीच घोडी आली नाही.

शिंगरू उन्हं कडक व्हायच्या आधीच गेलं. नुर्यागदीच्या बायकोने बाह्या धुतल्या आणि कोटाला परत शिवल्या. शिवण दिसते.

शरद ऋतूत चारी आगाच्या मुलाचं लग्न झालं. हालनजारला बोलावणं होतं, ते चुकवण्याइतका चारी आगा हलका नाही. बसायला जागा मात्र दाराशी मिळाली, काढून ठेवलेल्या बुटांजवळ, जिथे पोरं आणि ड्रायव्हर बसतात. हालनजार मांडी घालून बसला. ताट फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलं तेव्हा भात निवला होता आणि मांसाचे मोठे तुकडे संपले होते. त्याने हात पुसून खायला सुरुवात केली.

वरच्या जागेवरून नुर्यागदी उठून आला आणि शेजारी धपकन बसला.

"वर वारा लागतो," तो म्हणाला. "सरक."

हालनजार सरकला. दोघं एकाच ताटात जेवले.

हालनजार चालायला शिकत होता त्या वसंतात त्यांच्या घरी सारीगुशपासून एक शिंगरू झालं होतं. त्याच्या अंगावर केस नव्हते. वडिलांनी ते पहाटे वाळूत नेऊन पुरलं, आणि आईने घोडीखालचं गवत जाळलं.