नाव घेणं

बेचाळीस वर्षांत कस्तुराबाईनं माझं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी मी 'अहो', नाहीतर 'बालाजीचे बाप'. मुखेडच्या आमच्या गल्लीत नवऱ्याचं नाव घेणारी बाई उद्धट ठरते, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षापासून ती प्रत्येक वस्तूला 'ते' म्हणायला लागली. ते आणा, त्याच्यात ते टाका. विळी, झारा, चादर, सगळंच ते. मी फार चिडायचो. एकदा जेवताना मीठ मागायला तिनं नुसता हात फिरवला, तर तोंडाला कुलूप लागलंय का, असं मी विचारलं. तिनं अळणीच भाजी खाल्ली.

नातीच्या बारशाला बायकांनी तिला दारात अडवलं. नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत आमच्यात. तिचे ओठ हलले, मग पदर तोंडाशी गेला. म्हातारी या वयात लाजते म्हणून बायका हसल्या. बाहेर मांडवात मीही मिशीतल्या मिशीत हसलो. आमची सून दीपमाला तेवढी हसली नाही. सासूला ती आत्याबाई म्हणते; आत्याबाई लाजल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या, असं तिनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. तुझं आपलं काहीतरी, म्हणून मी तिला उडवून लावलं. चार महिने उडवतच राहिलो.

शेवटी दीपमालानंच नांदेडच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. बाईंनी कस्तुराबाईला पेन दाखवला, मग किल्ली. तिनं पेनानं रेघ ओढून दाखवली, किल्ली हवेत फिरवली, पण नाव एकाचंही आलं नाही. मग माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, हे कोण? 'आमचे हे,' असं ती लगेच म्हणाली आणि हसली. माझ्या जिवात जीव आला. पण नाव विचारल्यावर पदर पुन्हा तोंडाशी गेला.

"आज चालतंय," मी म्हणालो. "घे नाव. कोनी काही म्हनत न्हाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. पदराआड ओठ हलत होते, बारशाला हलले तसेच. त्यात लाज कुठेच नव्हती. भीती होती, आणि तीच मी लाज समजून मिरवली होती. मला माझीच शरम वाटली.

बाईंनी सांगितलं, ही सुरुवात आहे, आधी शब्द जातात. नंतर काय जातं ते मी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत तिला खिडकीशी बसवलं आणि हळूच म्हणालो, "म्हन, ग्यानोबा."

"ग्यानोबा," ती म्हणाली. मग आपली आपणच आणखी दोनदा म्हणाली.

माझे डोळे भरून आले. पुढच्या सीटवरची बाई वळून बघत होती, बघू दे म्हटलं. एक शब्द तरी परत आणला, आता रोज एक आणू, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

नरसीला गाडी थांबली. ऊन चटकत होतं. कस्तुराबाईनं माझ्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं. कितीतरी दिवसांनी तिला शब्द सापडला होता, चेहरा नुसता उजळला होता.

"ते ग्यानोबा द्या," ती म्हणाली.

मी झाकण काढून बाटली तिच्या हातात दिली.