पुलापलीकडचा चहा

“हाड बसवायला सांगितलं होतं मेल्या डॉक्टरला, खांब उभारायला नव्हे,” प्लास्टरमधला हात उशीवर टेकवत ताई पुटपुटली.

हवालदार हसायला गेला, पण जमलं नाही. हातातली संत्र्यांची पिशवी कुठे ठेवावी तेही त्याला सुचेना.

साखळीचोराच्या हिसक्याने ताई दुकानाच्या पायरीवरून पडली होती. दाजींचं शिवणाचं दुकान पुलाच्या टोकालाच, वर घर. हवालदाराच्या ठाण्याची हद्द पुलाच्या दुसऱ्या टोकाला संपायची.

“कसा होता गं दिसायला?”

“काटकुळा. अर्धा कान तुटलेला.”

हवालदाराने संत्र्यांची पिशवी घाईने खाली ठेवली. कानतुट्याला गेल्याच आठवड्यात त्याने गाडीतून उतरवलं होतं. नव्या साहेबांचा खाक्याच तसा. खटला नको, कोर्ट नको. भुरटे गोळा करायचे, पूल ओलांडून सोडायचे आणि परत दिसलात तर तंगडं मोडीन म्हणून दम भरायचा. शहर कसं धुतल्यासारखं! पेपरात साहेबांचा फोटो आला, त्यात मागे हवालदाराचं अर्धं तोंडही आलं. आणि गाडी रिकामी झाली की हा पठ्ठ्या मिशीवर हात फिरवत ताईकडे चहाला हजर.

“तक्रार दिलीत ना, दाजी?”

“दिली की. इथले म्हणाले, माणूस तिकडचा आहे, तिकडच्या ठाण्यात विचारा.” दाजी सुईत दोरा ओवत होते, ओवेना. मान वर न करताच म्हणाले, “जाऊ दे. हल्ली सगळीकडेच वाढलंय.”

“हो ना, सगळीकडेच,” हवालदार म्हणाला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “मी शोधून काढतो त्याला.”

“काढशील. आणि मग?” ताईने विचारलं.

हवालदाराने टोपी उचलली.

दाजी घाईने उठले. “चहा टाकतो. हवालदारसाहेबांना साखर जास्त, नाही का?”

“नको दाजी, निघतो मी.”

“बस खाली,” ताई म्हणाली. लहानपणी शाळेच्या वेळेला याच आवाजाने त्याची पोटदुखी पळायची. “मी वर खिडकीत बसून बटणं लावते. तुझी गाडी दिसते रे. दार उघडून एकेकाला उतरवतोस, तेही दिसतं. आम्ही दोघं म्हणायचो, पोराची नोकरी आहे, आपण बोलायला नको.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“पलीकडे सोडून येतो म्हणतोस ना तू त्यांना? त्या पलीकडे आम्ही राहतो.”