पायरीजवळचा पाम

आमच्या अंगणात भिंतीलगत सात पाम आहेत आणि ते सातही आमच्या आंघोळीच्या पाण्यावर जगतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण नळाचं पाणी बागेला घालायची बंदी आली तेव्हा बाबांनीच ही सोय केली. न्हाणीघर आणि कपडे धुण्याचं मशीन, दोन्हींचं पाणी आधी जाळीतून, मग खडी-वाळूच्या ड्रमातून, आणि तिथून अर्ध्या इंची पाईपाने प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी. दर झाडाला एक छोटा कॉक. स्वयंपाकघराचं पाणी त्यात नाही, कारण तेलकटाने वाळू चोंदते.

बाबा जन्मभर प्लंबर. दादाही प्लंबर. मी बायकांचे केस कापते, पण लहानपण पाईपांच्या तुकड्यांशी खेळण्यात गेलं, त्यामुळे पाणी वाहायला पाईपाला ढाळ किती द्यायचा हे मलाही झोपेत विचारलं तरी सांगता येईल. झाडांचं मात्र आमच्यापैकी कुणाला ओ का ठो कळत नाही.

ही लाईन बाबांनी अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर टाकली. उजवा हात निम्म्याने गेलेला. एरवी दोन दिवसांचं काम, त्यांना दीड महिना लागला. दादा मदतीला गेला की म्हणायचे, "हात लावू नकोस." घरातल्या कुठल्याही दुसऱ्या गोष्टीला ते हल्ली फक्त "चालेल" म्हणत. जेवायला काय करू? चालेल. टीव्ही बंद करू? चालेल. ज्या माणसाच्या आवाजाने कामावरची पोरं शिडीवरून खाली यायची, त्याचं हे "चालेल" मला ऐकवायचं नाही. लाईनीबद्दल मात्र बोलत. रोज सकाळी सातही कॉक स्वतः तपासत. आणि नियम एकच: अंगाला लागलेलं पाणी गटारात गेलेलं चालायचं नाही, थेंब न् थेंब झाडांना.

या वर्षी पाम वाळायला लागले. आधी पायरीजवळचा. पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा, मग अख्खं पान कागदासारखं. त्याच्यामागून दुसरा, तिसरा.

आता सरळ माणसांनी काय केलं असतं? झाडं जाणणाऱ्या कुणाला तरी विचारलं असतं. आम्ही लाईन खोलली. दादाने जाळी काढली, ड्रम रिकामा केला, वाळू बदलली. बाबांनी पाणसळ लावून पाईपाचा ढाळ पुन्हा पाहिला. पायरीजवळचा पाम लाईनीतला पहिला, म्हणजे त्यालाच पाणी जास्त मिळतं, असा बापलेकांनी निष्कर्ष काढला आणि त्याचा कॉक निम्मा बंद केला. पाम आणखी जोरात वाळला.

मी माझा निष्कर्ष काढला होता. वहिनीची कपड्यांची पावडर. ती महागाची वापरते, फेस असा की मशीनला फेफरं आल्यासारखं दिसतं. एक दिवस तो डबा तिच्यासमोर ओट्यावर आपटला आणि म्हटलं, "वहिनी, झाडं तुमच्या फेसाने मरतायत. आजपासून हे बंद."

"वन्सं, डब्यावर लिहिलंय, झाडांना चालते म्हणून."

"डब्यावर काय, वाट्टेल ते लिहितात."

तिने डबा उचलला. दुसऱ्या दिवसापासून साध्या साबणाने हातानेच धुवायला लागली. दादाचे ग्रीस लागलेले कपडेसुद्धा. तिच्या बोटांची सालं निघाली ती मला दिसली होती. दिसली आणि मी म्हटलं, झाडांपुढे काय आहे एवढं. माझी जीभ ही अशी. दादा मला फौजदार म्हणतो ते उगाच नाही.

तीन आठवडे झाले तरी फरक पडेना. मग दादाचाही धीर सुटला. शुक्रवारी जेवताना म्हणाला, "बाबा, लाईनच कुठेतरी चुकलीय. उद्या दुपारी कामावरून लवकर येतो, तोडून पाणी गटाराला जोडून टाकतो. टँकरच्या पाण्यावर निदान चार झाडं तरी वाचतील."

बाबांनी घास खाली ठेवला. ताटाकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील.

"चालेल," ते म्हणाले.

मला रात्रभर तो शब्द ऐकू येत होता. ती लाईन तुटली की हा माणूस रोज सकाळी कशासाठी उठणार? कॉक नाहीत, जाळी नाही, कुणाला "हात लावू नकोस" म्हणायचं नाही. पलंगावर पडतील आणि सगळ्याला चालेल चालेल म्हणत राहतील.

शनिवारी कामावर निघताना पायरीजवळच्या पामचं एक पान तोडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. आमच्या पार्लरला एक रोपवाटिकेवाल्या बाई येतात, महिन्यातून एकदा, केस बारीक कापून घ्यायला. त्यांची वेळ साडेअकराची होती. अर्धं डोकं कापून झाल्यावर मी पान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"सगळं सांडपाणी घालतो आम्ही. न्हाणीचं न् धुण्याचं. साबणाने होतं ना असं?"

बाईंनी चष्मा वर केला, पानाची कड नखाने मोडून पाहिली. "साबणाने इतकं नाही होत. हे मिठाने झालंय. समुद्राजवळ राहता का?"

"छे हो."

"घरी मीठ घालून पाणी मऊ करायचं मशीन आहे?"

"नाही."

"मग घरात मीठ कोण ओततंय?"

माझी कात्री थांबली. कोण म्हणजे काय. मीच.

पार्लरमधली दुसरी मुलगी सोडून गेली त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून तिचीही गिऱ्हाइकं मीच करते, नऊ-नऊ तास उभी. संध्याकाळपर्यंत पाय असे सुजतात की चपलेचे पट्टे कातडीत उमटतात. म्हणून रोज अर्धी बादली गरम पाणी घेते, त्यात दोन मुठी खडे मीठ, आणि वीस मिनिटं पाय बुडवून बसते. नंतर ते पाणी टाकायचं कुठे? संडासात ओतलं तर बाबांचा नियम मोडतो. अंगाला लागलेलं पाणी! मग मी गुणी मुलगी, बादली उचलून न्हाणीच्या जाळीवर ओतायची. कंटाळा आला की न्हाणीपर्यंतही जायची नाही, दार उघडून पायरीजवळच्या पामलाच थेट. वर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची, की बघा, वहिनीसारखं विष नाही घालत मी.

"काय हो, राहिलेलं अर्धं कापताय ना?" बाई आरशातून म्हणाल्या.

कापलं. नीट कापलं. बाईंनी सांगितलं, मीठ बंद करा, माती साध्या पाण्याने दोन-तीनदा चांगली धुऊन निघू द्या, मधला कोंब हिरवा असेल तर झाड वाचतं. मी मालकिणीला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी निघाले.

वाटेत वाटलं, बोलायचंच कशाला? मीठ बंद करू, गुपचूप, झाडं सुधारतील. पण दादा दुपारी येणार होता. झाडं सुधारायला महिने लागतील आणि लाईन आज तुटेल. वहिनीसमोर माझं नाक कापलं जाणार, हे तर ठरलेलंच होतं.

अंगणात पोचले तर दादा करवत घेऊन खाली बसलेला, पाईपावर खडूने खूण करून. बाबा भिंतीला टेकून उभे. वहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"दादा, थांब. लाईनीची काही चूक नाही," मी म्हटलं. "मीठ आहे ते. मी ओततेय. पाच महिने, रोज. पाय बुडवायला घेते ते पाणी."

मी वहिनीकडे वळले. "आणि तुमच्या पावडरीचा काही दोष नव्हता. मी उगाच तुमच्यावर तोंडसुख घेतलं. माझं चुकलं, वहिनी."

वहिनीने हातातला शर्ट झटकला. "डबा ठेवलाय मी," ती म्हणाली. "फेकला नव्हता." तेवढंच. मी याहून जास्त ऐकून घ्यायला लायक होते.

आणि मग बाबा ओरडले.

"मीठ? माझ्या लाईनीत मीठ? अक्कल गहाण टाकलीस का? लोखंडाला खातं मीठ, ते झाडाला सोडतंय होय? दीड महिना घालवला मी! एका हाताने! पाणी कुठलं घालायचं एवढं विचारता येत नव्हतं? आणि तू रे," ते दादावर वळले, "करवत काय घेऊन बसलायस? कुणाला विचारून खूण केलीस?"

"तुम्हीच म्हणालात चालेल..."

"मी म्हणालो म्हणून तोडशील? पुसून टाक आधी ती खूण!"

दादा तळहाताने खडू पुसायला लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. वर्षभराहून जास्त झालं होतं हा आवाज ऐकून. मला शिव्या बसत होत्या आणि इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. वाटलं, आणखी दोन घाला, बाबा, थांबू नका.

पण ते थांबले. धाप लागली होती. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "रोज कशाला लागतं तुला मीठ?"

"पाय सुजतात."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी चप्पल काढून उभी होते, पट्ट्यांचे वळ तसेच होते.

"पाच महिने?"

"हो."

"रोज संध्याकाळी?"

"हो, बाबा."

"आणि मी रोज सकाळी झाडाची पानं बघत बसलो," ते म्हणाले.

मला म्हणायचं होतं, त्यात काय एवढं, तुम्हाला कसं कळणार. तोंड उघडलं आणि रडूच यायला लागलं, भर दुपारी, सगळ्यांसमोर. बाबांनी डाव्या हाताने माझा दंड धरला आणि मला पायरीवर बसवलं. दादा अजून पाईपापाशीच होता, वर बघून विचारत होता की मग आता पायरीजवळच्या पामचा कॉक पूर्ण उघडू का.

"ते नंतर," बाबा त्याच्यावर खेकसले. "आधी आत जा आणि हिच्यासाठी पाणी गरम कर."

दादा करवत तिथेच टाकून उठला.