चौथा डबा

नानतौच्या डोंगरातल्या शेतकरी संघाची चहास्पर्धा म्हणजे साठ डबे, तीन परीक्षक आणि एकमेकांच्या पानांना नावं ठेवणारं अख्खं गाव. निकाल लावायचं काम युनच्यूकडे होतं. तिचे वडील ज्यान थ्येनफू सव्वीस वर्षं या स्पर्धेत चहा पाठवत होते आणि सव्वीस वर्षांत त्यांना साधं उत्तेजनार्थही मिळालं नव्हतं. गावात हे कुणी बोलून दाखवत नसे, कारण ते सगळ्यांना पाठ होतं.

डब्यावर नाव नसतं, तळाला फक्त क्रमांक. फान काकांना चार आला. तिथल्या भाषेत 'चार' आणि 'मरण' जवळजवळ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे त्यांनी कचेरी डोक्यावर घेतली.

"चार? त्यापेक्षा थडगंच खणून ठेव की माझं!"

"काका, नुसता आकडा आहे."

"मग तुझ्या बापाला दे. त्याचं आणखी काय बिघडणार?"

युनच्यूने ओठ मिटून त्यांचं नाव चौथ्या जागेवरून काढलं आणि एकसष्ट क्रमांक देऊन यादीच्या तळाशी टाकलं. डबाही फळीच्या टोकाला न्यायला हवा होता, ते मात्र ती साफ विसरली. परीक्षकांनी फळीवरच्या क्रमाने चहा चाखला आणि त्याच क्रमाने गुण लिहिले.

युनच्यू निकाल 'आर' या संगणकभाषेत लावायची. एक यादी नावांची, एक गुणांची. 'मॅप' अशी आज्ञा दिली की पहिल्या नावाला पहिले गुण, दुसऱ्याला दुसरे, अशा जोड्या लागत जातात. एखादं नाव कमीजास्त असतं तर यंत्राने निदान कुरकुर केली असती. इथे साठ नावं आणि साठ गुण होते, त्यामुळे त्याची काहीच तक्रार नव्हती.

फान काका तळाशी गेल्यामुळे पाच क्रमांकाचे थ्येनफू यादीत आता चौथे झाले होते आणि तेच पहिले आले. युनच्यूने निकाल तीनदा लावून पाहिला. तिसऱ्यांदा तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटाके वाजले. सचिवांनी थ्येनफूंच्या खांद्यावर लाल पट्टा घातला. शेवटून दुसरे आलेले फान काका परीक्षकांच्या जिभांविषयी मोठ्याने मत देत होते. मग परीक्षकांनी बाजूला काढून ठेवलेल्या विजेत्या डब्यातला चहा सगळ्यांना देण्यात आला.

थ्येनफूंनी एक घोट घेतला. मग दुसरा, जरा सावकाश.

"हा फानचा आहे," ते लेकीच्या कानाशी म्हणाले.

"काहीतरीच काय, बाबा!"

"तो कोळशावर भाजतो. माझी भट्टी विजेची. जा, डबा बघून ये."

युनच्यूने डबा उलटा केला. तळाला चार होता. तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की राहू दे.

"चूक माझी आहे," ती परत येऊन म्हणाली. "पण बाबा, कुणाला कळायचं नाही."

"उद्या लोक दारात येतील पहिल्या नंबरचा चहा मागायला. त्यांना काय देऊ? फानकडून उसना आणू?"

त्यांनी पट्टा काढला आणि भर मंडपात नेऊन फान काकांच्या खांद्यावर घातला. युनच्यूने सगळ्यांसमोर चूक सांगितली. सचिवांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे मी चार नंबरावर पहिला आलो?" फान काकांनी विचारलं.

"हो."

काकांनी खांद्यावरचा पट्टा सरळ केला. "फलकावर एकसष्टच लिहा," ते म्हणाले.

युनच्यूने तिथेच बसून याद्या नीट केल्या आणि निकाल पुन्हा लावला. मग दोघं घरच्या चढाला लागले. तिला मान वर करवत नव्हती.

"माझा खरा नंबर कितवा?" थ्येनफूंनी विचारलं.

"तेहेतिसावा."

ते रस्त्यातच थांबले.

"गेल्या वर्षी एकोणसाठावा होतो मी," ते म्हणाले. "आईला फोन लाव."