सकवारबाईंच्या रुमालातली अक्षरं

"गेली! अक्षरं गेली!" असा एकच गिल्ला झाला आणि पुढच्या बायकांनी पदर पसरले.

सकवारबाईंच्या घरात मी मागून टाचा उंचावून पाहत होतो. तांब्याच्या परातीत पाणी, पाण्यात एक जुना जाड कागद, आणि त्यावरची मोडी अक्षरं खरोखर उतरत होती. आधी रेघा सैल झाल्या, मग त्यांचे धागे सुटले, मग सगळं पाणी काळपट झालं. परातीमागे बसलेल्या स्वामींनी कागद दोन बोटांनी उचलून चारी बाजूंना फिरवला. कोरा!

"पाहिलंत मायबाप?" स्वामी गरजले. "सव्वाशे वर्षं बसलेला शाप! मुंगळ्यासारखा चिकटला होता, पण आमच्यापुढे कसला टिकतोय! आता हे बघा पंचांगाचं पान. हेही पाण्यात घालतो. हाललं का अक्षर? नाही हाललं! कारण ते देवाचं अक्षर. शापाचंच अक्षर पळतं!"

लोकांनी हात जोडले. स्वामी देशावरचे. त्यांचं ते ठसकेबाज मराठी तिथल्या तंजावरी मंडळींना निम्मंच कळत होतं, आणि जे कळत नव्हतं त्यालाच सर्वांत जास्त माना डोलत होत्या. कळलं नाही म्हणजे मंत्र, असा आपला जुना हिशेब!

परातीतलं पाणी वाटीत काढून स्वामींनी ते कनकाच्या हातात दिलं. कनका ही सकवारबाईंची एकुलती एक लेक, तिशीची. तिची तीन बाळं एकामागून एक, जन्मल्यावर चार-पाच दिवसांत गेली होती. तिनं डोळे मिटून ते काळं पाणी पिऊन टाकलं. शेजारी सकवारबाई उभ्या होत्या, आशेनं नुसत्या उजळलेल्या. त्यांचा तो चेहरा मला आजही आठवला की जेवण जात नाही.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्नच्या नवरात्रातली, नवमीच्या सकाळची. मी बाळकृष्ण, मूळचा सातारचा, मद्रासला रेल्वेच्या कचेरीत कारकून. तिथल्याच तिरुवल्लिकेणी भागात एका कॉफीपुडीच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं इतिहास मंडळ होतं. सभासद सहा, कपाट एक, आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला भरपूर. दर रविवारी आम्ही जुन्या तंजावरी घरांतून हिंडायचो आणि मोडी कागद मागायचो. त्या घरांतून मराठी बोलली जायची, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. मोडी वाचणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागे. मग कागदांचं काय करायचं? फडक्यात बांधायचे, त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचं, तो देवघरात ठेवायचा आणि त्याला कुंकू लावायचं.

सकवारबाईंच्या घरी असाच बहात्तर पानांचा रुमाल होता. त्यांच्या आजीच्या आईकडून चालत आलेला, तीन पिढ्यांत कुणी न सोडलेला. तो मंडळाला द्यायला त्या भाद्रपदात कबूल झाल्या होत्या. फक्त म्हणाल्या, "नवरात्र होऊं द्या, राव. कोलूच्या वरच्या पायरीला ठेवतों आम्ही रुमाल. सरस्वती बसल्यावर वाचणं नोको, लिहिणं नोको. दसऱ्याला या, घेऊन जा."

कोलू म्हणजे तिकडची नवरात्रातली, पायऱ्यांवरची बाहुल्यांची मांडणी. मी म्हटलं, बरं. सव्वाशे वर्षं राहिला, तो दहा दिवसांनी कुठं जातोय! आणि स्वतःच्या सभ्यपणावर खूश होऊन घरी आलो. त्याच दहा दिवसांत स्वामी अवतरले. रुमाल पाहून म्हणाले, बाळं खाणारा शाप ह्यातच आहे. रोज आठ पानं धुवायची, नऊ दिवस.

मी धक्के देत पुढं घुसलो. कोलूच्या पायरीवर मोकळं फडकं होतं आणि त्यावर एकच पान.

"सकवारबाई, हे काय केलंत!" मी फडक्याकडे बोट दाखवलं. "बाकीची पानं?"

"तीं सगळीं अस्की धुवून जालीं, राव," त्या हसून म्हणाल्या. "कोरीं करून देतों तुम्हांस. शाप गेलेला कागद."

"अहो, कागद कोरा झाल्यावर घेऊन काय करू मी?"

"शंका!" स्वामी कडाडले. "शंकेखोराची सावली पडली तर उरलेला शाप परत उलटेल. जुन्या कागदास पाण्याचा स्पर्श झाला की अक्षर राहत नाही! हे आमच्या गुरूंचं वचन!"

हे गुरूंचं वचन नव्हतं. हे माझं वाक्य होतं! 'जुन्या कागदास पाण्याचा स्पर्श झाला की अक्षर राहत नाही.' दोन वर्षांपूर्वी मंडळाचं सूचनापत्रक निघालं, त्यातलं तिसरं वाक्य. कागद ओलाव्यापासून जपा, हे सांगायला मी ते किती हौसेनं घडवलं होतं!

माझ्याबरोबर वेंकोबाराव होते. तंजावरीच, सत्तरीचे, शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मंडळात मोडी वाचणारे आणि जुन्या रीतीनं शाई करणारे तेवढे एकटेच. दर वर्षी नवमीला ते आपली दौत आणि बोरू सकवारबाईंच्या कोलूपुढं पूजेला आणून ठेवत. त्या दिवशीही पहाटेच ठेवून गेले होते, आणि आता मला घेऊन पूजेला आले होते. आता ते शांतपणे पुढं झाले आणि पूजेतली दौत त्यांनी सरळ उचलली.

"अय्यो! मास्तर, आज लिहिणं नोको!" बायका ओरडल्या. सकवारबाईंनी तर कानांवर हात ठेवले.

"पाप लागलं तर मला लागूं द्या," वेंकोबाराव म्हणाले. पंचांगाच्या पुठ्ठ्यात जुना कोरा कागद होता, तो त्यांनी काढला आणि चार ओळी मोडीत लिहिल्या. फुंकर घालून, उन्हात धरून वाळवल्या. मग स्वामींपुढं धरल्या. "स्वामी, हें वाचा."

स्वामींनी कागद उलटासुलटा केला. "हा... हा घोर शाप आहे. कुलनाशाचा."

"सेरि, बरं तर. घाला पाण्यांत."

माघार घ्यायची सोय नव्हती. कागद परातीत गेला, स्वामींची बोटं सवयीनं त्यावर हलकेच फिरली, आणि अक्षरं उतरली. धागे सुटले, पाणी काळं झालं, अगदी तस्संच. लोकांनी पुन्हा हात जोडायला सुरुवात केली.

"थांबा रे, हात खालीं करा!" वेंकोबाराव म्हणाले. "मी काय लिहिलों होतों, ठाऊक? प्रसादाच्या सुंडलाचे पाव शेर चणे, एक नारळ, दोन वांगीं, कोथिंबीर. आज सकाळीं सून मला सांगिटली तो बाजार! वांग्यांत कुणाचा शाप रे आला?"

कुणीतरी खुदकन हसलं.

मग त्यांनी दौत सगळ्यांसमोर धरून उलगडून सांगितलं. ही शाई म्हणजे दिव्याचं काजळ आणि बाभळीचा डिंक. डिंक काजळाला कागदावर धरून ठेवतो. पाणी कोमट असलं आणि वरून बोट फिरलं की डिंक विरघळतो आणि काजळ सुटतं. छापखान्याची शाई तेलाची, तिला पाणी काही करत नाही. म्हणून पंचांग टिकलं. यात देव नाही, शाप नाही. मी परातीत बोट बुडवलं. पाणी कोमट होतं.

"स्वामी," मी विचारलं, "ते वचन कोणत्या गुरूंचं?"

स्वामी तोवर उपरणं सावरून उठले होते. दक्षिणेचं चांदीचं पंचपात्र त्यांनी आधीच झोळीत टाकलं होतं. माझ्याकडे पाहून ते हसले. लाजबीज काही नाही! "विसरलात? तुमच्या मंडळाच्या सभेला आलो होतो मी. पत्रक तुम्हीच हातात दिलंत. चांगलं लिहिता." आणि पुढच्या दारानं, सगळ्यांच्या मधून, चालते झाले. कुणी अडवलं नाही. अडवायचं त्राण कुणातच नव्हतं.

मला मात्र त्याहून मोठा घाव बसला होता. ते पत्रक आम्ही तिरुवल्लिकेणीच्या घरोघर वाटलं होतं, सकवारबाईंनाही दिलं होतं. शुद्ध, सुंदर मराठीत, बाळबोध लिपीत! मराठ्यांचा इतिहास, तो मराठीतच हवा, असा मीच सभेत हट्ट धरला होता. वेंकोबाराव तेव्हा म्हणाले होते, "तमिळ अक्षरांत छापा, राव. आमच्या बायकांस तेंच येतं." मी ऐकलं नाही. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना ते वाचता आलं नाही, आणि ज्याला वाचता आलं त्यानं त्याचा असा उपयोग केला.

सकवारबाई खाली बसल्या होत्या. कनका उभीच होती, ओठांना काळं लागलेलं. तिनं पायरीवरचं शेवटचं पान उचललं आणि वेंकोबारावांना दिलं. "वाचा, मामा."

"आज वाचणं..." सकवारबाई पुटपुटल्या.

"अम्मा, पुरे," कनका म्हणाली.

वेंकोबारावांनी चष्मा पुसला. एकेका शब्दावर बोट ठेवत ते वाचू लागले. "कृष्णवेणीबाईस चवथें लेंकरूं जालें. पहिलीं तीन गेलीं. त्यांचीं नांवें, नागोजी, गंगू, सत्यभामा. चवथें तें कन्या, नांव जयवंती. वांचली. बाळंतीण सुखरूप." खाली आणखी एक-दोन घरांतल्या अशाच नोंदी होत्या. कुणी सुईण असेल, नाहीतर वैदूबाई. घरोघरच्या बाळंतपणांची टाचणं तिनं लिहून ठेवली होती. आलेली आणि गेलेली, दोन्ही.

"जयवंती माझ्या आजीची आई," सकवारबाई म्हणाल्या. आणि मग त्या ज्या रडल्या, त्यांना कुणी थांबवू शकलं नाही.

शाप कसला? ज्या बाईची तीन बाळं गेली होती तिच्या चौथ्या लेकराचं हे घर होतं, आणि हे सांगणारा कागद त्याच घरात सव्वाशे वर्षं कुंकू खात पडला होता. हे भाकीत नव्हे, नुसती नोंद. पण शाप शाप म्हणून ऐकत आलेल्या कनकाला तेवढी नोंद आधी मिळाली असती तर? पुढे डॉक्टरणीनं तिचं आणि नवऱ्याचं रक्त तपासलं. दोष दोघांची रक्तं न जुळण्याचा होता, रुमालाचा नव्हता. त्या काळी आमच्याकडे त्यावर उपाय मिळत नव्हता. कनकाला मूल झालं नाही.

आम्ही पत्रक तमिळ लिपीत पुन्हा छापलं. उशिरा सुचलेलं शहाणपण! सकवारबाईंचा रुमाल मंडळाच्या कपाटात आहे. एक पान लिहिलेलं, एकाहत्तर कोरी. मंडळात कुणी नवा माणूस आला की मी त्याच्या हातात एक कोरं पान देतो आणि सांगतो, बाबा रे, नमस्कार करायच्या आधी वाच. वाचता येत नसेल तर विचार. आणि तुला येत असेल, तर समोरच्याला कळेल अशा बोलीत सांग, नाहीतर तुझं ज्ञान कुणीतरी झोळीत टाकून नेईल.

कनका रविवारी येते. वेंकोबारावांकडून ती मोडी शिकली. एकदा कोरी पानं मोजून झाल्यावर ती मला म्हणाली, "राव, ह्या बाकीच्या पानांत कुणाकुणाची लेंकरं होतीं?"

मी कपाट बंद केलं. मला ते सांगता येत नाही, आणि आता कुणालाच येणार नाही.